मनीऑर्डरचा मुलूख आणि मृदू आवाज

मनीऑर्डरच्या छापील फॉर्मच्या खालच्या अंगाला मजकुरासाठी एक चिंचोळी जागा ठेवलेली असे. पैसे मोजून दिले की पोस्टमन तेवढा तुकडा फाडून घरच्यांच्या हाती ठेवी. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील डोंगरवाड्यांवर निदान दोन पिढ्यांचा संसार या तुकड्याच्या आधाराने चालला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. घरचा कर्ता पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत, नाही तर कुठल्याशा कचेरीच्या दारात शिपाई म्हणून उभा. घरी म्हातारे आईबाप, मुले, दोन जनावरे आणि भाताची खाचरे सांभाळणारी बायको. तुकड्यावरचा मजकूर बहुधा ठरलेला असे. पैसे पाठवले आहेत, पोचल्याचे कळवणे, म्हातारीला औषध आणणे, गणपतीला रजा मिळाली तर येतो. तो वाचून दाखवायचा पोस्टमनने किंवा शाळेत जाणाऱ्या पोराने, आणि ऐकायला ओटीवर सासूसासरे, दीर, शेजारपाजारी. जिच्या कष्टांवर ते घर उभे होते तिच्यासाठी त्यात वेगळा शब्द नसे. लिहिणाऱ्याला तो सुचत नव्हता असे नव्हे. पण चारचौघांत वाचल्या जाणाऱ्या कागदावर तो लिहिणार कसा?

याच काळात, याच घरांच्या आसपास, कुठे दुकानातल्या किंवा ग्रामपंचायतीच्या सार्वजनिक रेडिओवरून, पुढे चाकरमान्याने सुटीत आणलेल्या ट्रान्झिस्टरवरून, एक निराळाच पुरुषी आवाज ऐकू येऊ लागला होता. तो आज्ञा करीत नव्हता, हिशेब विचारीत नव्हता, कीर्तनकाराप्रमाणे उपदेशही करीत नव्हता. कोणाला तरी 'तू' म्हणून तो हलक्या स्वरात बोलत होता. गजाननराव वाटवे, सुधीर फडके, तलत महमूद, अरुण दाते ही त्या आवाजाची काही नावे. आज महाडच्या एस.टी. स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानात अरिजित सिंग गात असतो, तोही याच कुळातला.

या आवाजाचे आकर्षण नेमके कशात आहे, हा प्रश्न जाणकारांनी फारसा गंभीरपणे घेतलेला दिसत नाही. शास्त्रीय संगीताच्या मंडळींनी त्याला 'सुगम' म्हणून बाजूला सारले आणि सामाजिक प्रश्नांच्या अभ्यासकांनी 'मध्यमवर्गीय हळवेपणा' म्हणून. दोन्ही निवाड्यांत थोडे तथ्य आहे. परंतु माणसे ज्या वस्तूकडे सत्तर-ऐंशी वर्षे सातत्याने ओढली जातात, तिच्यामागे काही खरी गरज असली पाहिजे, असे मानून चालणे अधिक शहाणपणाचे. ही गरज कळण्यासाठी महाड-पोलादपूरसारखा मुलूख चांगला, कारण येथे पुरुष घरात नसणे हा अपवाद नव्हता, तो अर्थव्यवस्थेचा नियम होता. डोंगरउताराची थोडी जमीन, पावसाळ्यातले एकच पीक आणि वर्षभराचे खाणारे तोंड यांचा मेळ मुंबईच्या पगाराशिवाय बसत नसे. कोकणपट्टीतील जनगणनेच्या आकड्यांत त्याच्या खुणा अजूनही सापडतात. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात २०११ साली दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया मोजल्या गेल्या; एवढे पुरुष कुठे गेले होते हे सांगण्याची आवश्यकता नाही.

येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली रायगडाच्या पायथ्याच्या परिसरातील नाते या गावचा, म्हणजे याच महाड तालुक्यातला. चलनाचा आणि पतपुरवठ्याचा कारभार पाहणाऱ्या या गृहस्थांनी मराठीत पद्यानुवाद केला तो कालिदासाच्या 'मेघदूता'चा. 'मेघदूता'तील यक्ष हा कोण? धनाचा स्वामी जो कुबेर, त्याचा चाकर. कामात कसूर झाली म्हणून वर्षभर दूर धाडलेला आणि घरी एकट्या राहिलेल्या पत्नीला निरोप पाठवू पाहणारा. फरक इतकाच, की यक्षाचा निरोप कितीही लांबला तरी मेघाची हरकत नव्हती. पोस्ट खात्याच्या फॉर्मवर मात्र जागा बोटभर होती.

आधी लुगडे, मग ध्वनिक्षेपक

पुरुषाच्या गळ्यातून आर्त प्रेम ऐकण्याची सवय मराठी माणसाला नवीन नव्हती. 'मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आले, 'स्वयंवर' १९१६ मध्ये आणि 'एकच प्याला' १९१९ मध्ये. या नाटकांतील बालगंधर्वांच्या गाण्याने तेव्हाचा महाराष्ट्र वेडा झाला होता. पण ती आर्तता भामिनीची, रुक्मिणीची, सिंधूची होती. पुरुष गात होता खरा, परंतु ते कोमल भाव व्यक्त करण्यासाठी त्याला लुगडे नेसून स्त्री व्हावे लागत होते. पुरुषाच्या भूमिकेतल्या गवयाकडून तडफ आणि तेज यांची अपेक्षा होती. याचे एक कारण अगदी व्यावहारिक होते. ध्वनिक्षेपक नसलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या चार आणेवाल्या प्रेक्षकापर्यंत आवाज पोचवणे भाग होते. हलकेच कानात सांगायची गोष्ट ओरडून सांगता येत नाही.

१९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि ही अडचण दूर झाली. गायक यंत्राच्या तोंडाशी पुटपुटला तरी तो घराघरात स्वच्छ ऐकू जाऊ लागला. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारख्या गायकांनी याचा लाभ उठवला, आणि त्याबरोबर धर्मगुरूंचा कोपही ओढवला. बोस्टनचे कार्डिनल ओ'कॉनेल यांनी १९३२ साली या कुजबुजत्या गाण्याचा जाहीर धिक्कार केला. पुढे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४२ साली, ब्रिटनच्या बी.बी.सी.ने रडवेल्या आणि निःसत्त्व वाटणाऱ्या पुरुष गायकांना आपल्या कार्यक्रमांतून वगळण्याचे धोरण जाहीर केले. सैनिकांचे मनोधैर्य खचेल ही भीती! मृदू बोलणारा पुरुष हा व्यवस्थेला कोठेतरी धोकादायक वाटतो, एवढे यावरून दिसते. ज्यांना तो आवडत होता त्या बायकांना मात्र कोणी विचारल्याचे दिसत नाही.

मराठीत हा बदल भावगीताच्या रूपाने झाला. १९३० नंतरच्या दशकात ध्वनिमुद्रिका निघू लागल्या, आणि गजाननराव वाटव्यांनी हे गाणे गणेशोत्सवाच्या मांडवात नेले. पुण्याच्या रस्त्यांवर त्यांच्यासाठी गर्दी लोटत असे. येथे पुरुष स्त्रीचे सोंग न घेता, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या पोशाखात, आपले दुःख आणि आपले प्रेम सांगू लागला. मराठी सामाजिक इतिहासात या घटनेची नोंद व्हायला हवी तशी झालेली नाही.

त्यानंतरचे श्रेय काही अंशी सरकारी धोरणाचे. डॉ. बा. वि. केसकर हे १९५२ पासून दहा वर्षे नभोवाणी खात्याचे मंत्री होते. चित्रपटगीतांवर त्यांचा रोष असल्यामुळे आकाशवाणीवरून त्यांची गच्छंती झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ च्या ऑक्टोबरात 'विविध भारती' सुरू करून त्यांना परत बोलवावे लागले. मंत्रिमहोदयांचा मूळ हेतू असा फसला. पण रिकाम्या झालेल्या वेळेत काहीतरी वाजवणे आवश्यक होते, त्यातून आकाशवाणीवर सुगम संगीताला आश्रय मिळाला आणि भावगीताला पगारी घर लाभले. मुंबई केंद्रावर 'आपली आवड' लागे, 'भावसरगम'मधून नवी गाणी येत. 'आपली आवड'मध्ये फर्माईश करणाऱ्यांची नावे गावांसह वाचली जात. सावित्रीकाठच्या एखाद्या गावचे नाव मुंबईच्या निवेदिकेच्या तोंडी येणे ही त्या गावाला केवढी प्रतिष्ठेची गोष्ट वाटत असेल, याची आज कल्पना येणे कठीण आहे.

माजघरात चालणारे प्रेम

तरीही घरातला रेडिओ हा ओटीवर किंवा माजघरात, सर्वांच्या देखत चालायचा. सासूच्या समोर सुनेने प्रेमगीत ऐकत बसणे शोभत नव्हते. ही कोंडी एका मोठ्या कार्यक्रमाने फोडली असे मानावयास जागा आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले आणि वर्षभर चालले. छप्पन्न गीते. लोक रेडिओला हार घालून ते ऐकत, असे त्या काळच्या आठवणींतून पुष्कळांनी सांगितले आहे. भक्तीचा हा भाग सर्वांना ठाऊक आहे. दुसरा भाग सहसा कोणी बोलत नाही. पत्नीच्या वियोगाने व्याकूळ झालेला पती, तिच्यासाठी झाडाझुडपांपाशी चौकशी करणारा पती, मराठी घराने सासूसासऱ्यांसह, हात जोडून ऐकला. तो प्रभू रामचंद्र होता म्हणून कोणाला आक्षेप घेता आला नाही. पुढे फडके स्वतः सगळी गीते रंगमंचावर गात हिंडले, तेव्हा राम, सीता, कौसल्या, भरत या साऱ्यांचे दुःख एकाच पुरुषाच्या गळ्यातून येऊ लागले. फडक्यांचा आवाज पल्लेदार नव्हता. प्रत्येक अक्षर नीट उच्चारणारा, घरातल्या शहाण्या माणसाचा तो आवाज होता, आणि नेमका तोच भरवशाचा वाटला.

तलत महमूद यांच्या आवाजातला कंप हा सुरुवातीला दोष समजला गेला होता. तो लपवू नये, तेच त्यांचे धन आहे, असे संगीतकार अनिल विश्वास यांनी त्यांना सांगितले आणि १९५० सालच्या 'आरजू' चित्रपटापासून हा लखनौचा आवाज देशभर पोचला. १९६१ साली 'पुत्र व्हावा ऐसा' या चित्रपटासाठी ते मराठीतही गायले. त्यांचा कंप ही सूचक गोष्ट आहे. ज्या समाजात पुरुषाने डगमगू नये अशी शिकवण पाळण्यातून मिळते, तेथे किंचित डगमगणारा पुरुषी स्वर ऐकताना बाईला आपले कोणी तरी समजून घेते आहे असे वाटणे, आणि पुरुषाला आपण एकटेच घाबरलेलो नाही असे वाटणे, या दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत. हे दुसरे कारण नेहमी विसरले जाते. या गायकांचे चाहते काही केवळ स्त्रिया नव्हत्या. गिरणगावात गावकीच्या खोलीत वळकटीला वळकटी लावून झोपणारा चाकरमानीही हे ऐकत होता. महाड तालुक्यातील फौजी आंबवडे हे गाव सैनिकांसाठी प्रसिद्ध आहे, आणि सैनिकांसाठी तर 'विविध भारती'ने 'जयमाला' हा खास कार्यक्रमच ठेवला होता. सीमेवरच्या माणसाला युद्धगीतांपेक्षा घराची आठवण देणारी गाणी हवी असत. बी.बी.सी.च्या १९४२ च्या धोरणाला यापेक्षा चांगले उत्तर नाही.

अरुण दाते यांची गोष्ट तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आवर्जून लक्षात ठेवावी अशी. इंदूरचे हे गायक व्यवसायाने कापड उद्योगातील अभियंता होते. ज्या धंद्याने कोकणातला पुरुष घरापासून तोडला, त्याच धंद्यात नोकरी करणारा माणूस पती-पत्नींच्या, प्रियकर-प्रेयसींच्या जवळिकीचे गाणे महाराष्ट्राला देत होता. श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि मंगेश पाडगावकर यांचे शब्द यांसह त्यांनी गायलेल्या द्वंद्वगीताने १९६० नंतरच्या दशकात जी मोहिनी घातली, तिच्यावरून त्यांच्या मैफलींनाच 'शुक्रतारा' हे नाव पडले. दात्यांच्या गाण्यात ताना नाहीत, पल्ला नाही. समोर एकच माणूस बसले आहे आणि त्याच्याशी बोलणे चालू आहे, इतकेच.

आता यात एक हानीही झाली, तीही सांगितली पाहिजे. या मुलखातल्या बाईचे स्वतःचे गाणे होते. पहाटे जात्यावर बसून ती ओवी गाई, आणि तिचे सुखदुःख त्यात येई. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या पाहिल्या तर माहेर, भाऊ, मुलगा, विठ्ठल यांच्यासाठी तिची वाणी मोकळी आहे. नवऱ्याविषयी मात्र ती बरीच जपून बोलते. गावात विजेवरची किंवा तेलावरची पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. दळणाचे कष्ट वाचले, त्याबद्दल कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. ज्यांनी कधी जाते ओढले नाही तेच ते ढाळतात. परंतु श्रम गेले तसे त्या श्रमांसंगे चालणारे गाणेही गेले. ती जागा रेडिओने भरली. पूर्वी बाई गात होती, आता ती ऐकू लागली.

भावगीताने न पाहिलेली मनीऑर्डर

भावगीताची मोठी उणीव अशी, की ज्या विरहावर ते जगले त्याचे खरे कारण त्याने क्वचितच पाहिले. त्याच्या जगात चंद्र, चांदणे, जाईजुई, पाऊलवाट आहे. रेशनकार्ड, पाळी, सावकार, रात्रीची एस.टी. नाही. नायक-नायिका का दुरावले हे विचारायचे नसते. मुंबईत राहिलेला मजूर आणि गावी राहिलेली त्याची बायको यांचा विरह खऱ्या नावानिशी आला तो अण्णा भाऊ साठे यांच्या मैनेच्या छक्कडीत, आणि तेथे तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याशी जोडला गेला. पण ती छक्कड मोर्चाच्या मैदानावरची. भावगीताच्या मैफलीत तिच्या वाटेने फारसे कोणी गेले नाही. मलबारात वेगळे घडले. तेथून पुरुष आखातात गेले, तेव्हा एस. ए. जमील यांनी मागे राहिलेल्या पत्नीने नवऱ्याला लिहिलेले पत्रच गीतरूपाने रचले. 'दुबई पत्र' म्हणून ते मल्याळम भाषकांत घरोघर गाजले आणि नवऱ्याच्या उत्तराचेही गीत झाले. महाडच्या परिसरातूनही, विशेषतः मुसलमान वस्त्यांतून, माणसे आखातात गेली. त्यांच्या बायकांचे असे पत्र मराठी भावगीताने लिहिले नाही.

शिवाय महाडचा पुरुषी आवाज म्हटला की केवळ भावगीताचा विचार करणे हे पेठेतल्या चार घरांपुरते पाहणे होईल. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी येथे जो जनसमुदाय लोटतो, त्याच्या कानावरचा आवाज वामनदादा कर्डक यांच्या परंपरेतला, प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांचा आहे. प्रल्हाद शिंद्यांचा गळा मोकळा, उंच चढणारा. कर्ण्यावरून दोन वाड्या ओलांडून जाणारा. हा काही कानात कुजबुजणारा आवाज नव्हे, आणि तरी तो मनाला घर करतो, त्यात हुंदका असतो. ज्यांना शतकानुशतके मान खाली घालून, आवाज दाबून बोलायला लावले, त्यांची कोमलता पुटपुटत का येईल? त्यांच्या दृष्टीने मोठ्याने, उघड्यावर, सर्वांसमक्ष आपल्या उद्धारकर्त्याला बाप म्हणणे हीच जिव्हाळ्याची परमावधी. ध्वनिक्षेपकाने एका वर्गाला हळू बोलण्याची मुभा दिली आणि दुसऱ्याला मोठ्याने बोलण्याची. अलीकडे अजय-अतुल यांच्या संगीतात, 'जोगवा' किंवा 'सैराट'सारख्या चित्रपटांत, अजय गोगावले यांचा जो आवाज ऐकू येतो तो या दुसऱ्या प्रवाहाचा वारसदार आहे. २०१६ साली 'सैराट'च्या गाण्यांवर गावोगावची पोरे बेभान झाली ती त्यामुळे. प्रेमाचे गाणे मैदानी आवाजात गाता येते, हे त्यांना प्रथमच कळले असावे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यांपैकी पुष्कळ जणांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. कोकणातले कित्येक कामगार गावी परतले. ज्या नवऱ्याची वाट पाहण्यात आयुष्य गेले तो ऐन चाळिशीत घरी येऊन बसला; रिकाम्या हातांनी. मनीऑर्डर थांबली. घरातला अबोला मात्र थांबला नाही, उलट वाढला. कारण बोलण्याची सवय दोघांनाही नव्हती, आणि बोलायचे म्हटले तर पहिला विषय पैशांचाच निघत होता. नेमक्या याच वर्षांत स्वस्त कॅसेटी बाजारात आल्या. टेपरेकॉर्डर हा घरातल्या पोरांचा झाला. ज्याला जे हवे ते त्याने ऐकावे, अशी सोय पहिल्यांदाच झाली, आणि त्याच वेळी सर्वांनी मिळून ऐकण्याची चाल मोडली.

येथपर्यंतची मांडणी वाचून कोणी म्हणेल, की घरचा पुरुष दूर होता म्हणून बायकांना गाण्यातला पुरुष आवडला, एवढाच याचा अर्थ. म्हणजे गायकाचा आवाज ही नवऱ्याच्या आवाजाची पर्यायी वस्तू. अर्थशास्त्रात याची एक साधी कसोटी आहे. चहा स्वस्त झाला की कॉफीची मागणी घटते, कारण दोन्ही एकमेकींच्या जागी चालतात. मग माणसाचा खरा आवाज स्वस्त झाल्यावर गायकाच्या आवाजाची मागणी घटावयास हवी होती. आधी एस.टी.डी.च्या टपऱ्या आल्या, मग मोबाइल, आणि २०१६ नंतर तर दर असे कोसळले की पोलादपूरच्या बाईला मुंबईतला, सुरतेतला किंवा कुवेतमधला नवरा दिवसातून चार वेळा, चेहऱ्यासकट, जवळजवळ फुकट बोलावता येऊ लागला. गाण्याची मागणी घटली काय? ती वाढली. ज्या यंत्रावरून नवरा बोलतो त्याच यंत्रावर, त्याचा फोन ठेवल्यावर, गाणे लागते.

तेव्हा पर्यायी वस्तूचा सिद्धान्त येथे टिकत नाही. दोन्ही आवाजांची कामे वेगळी आहेत. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड बुडाले, वीज गेली, मोबाइल बंद पडले, तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. मुंबईत बसलेली माणसे त्या रात्री फोन लावत राहिली. त्यांना ऐकायचा होता तो एकच आवाज, आणि त्याची जागा जगातला कोणताही गायक घेऊ शकत नव्हता. उलट, फोन व्यवस्थित लागतो तेव्हा त्यावर काय बोलले जाते? पैसे जमा झाले का, गॅस कधी आला, मुलाची फी भरली का, आईचा गुडघा कसा आहे. म्हणजे मनीऑर्डरच्या तुकड्यावरचाच मजकूर, फक्त लांबलेला. गाण्यातल्या आवाजाची खरी स्पर्धा अंतराशी कधी नव्हतीच. घरातल्या घरात, एका ताटाच्या अंतरावर बसूनही जे बोलले जात नाही त्याच्याशी तो आवाज बांधलेला आहे. म्हणूनच तो विरहाच्या मुलखात जितका चालला तितकाच, नोकरीवरून रोज संध्याकाळी घरी येणाऱ्या कारकुनाच्या आणि शिक्षकाच्या घरातही चालला.

यातून पुरुषाचे आयते फावले, हा आरोपही अगदीच खोटा नाही. आपल्या वतीने अरुण दाते बोलत आहेत म्हटल्यावर आपण स्वतः बोलण्याचे प्रयोजन काय? महाविद्यालयातला मुलगा आज मुलीला सरळ काही सांगत नाही. तो मोबाइलवर 'स्टेटस' म्हणून अरिजित सिंगच्या गाण्याचे अर्धे मिनिट ठेवतो आणि तिने ते पाहिले की नाही एवढे तपासत बसतो. उसने शब्द, उसना सूर. मात्र हेही मान्य करावे लागेल, की त्याच्या आजोबांना तेवढेही करता येत नव्हते. कोणत्या शब्दांत सांगायचे याचा धडाच ज्यांना कधी मिळाला नाही, त्यांच्या हाती निदान एक किरमिजी पुस्तक तरी आले. ते पाठ करून कोणी पुढे स्वतःचे वाक्य रचतो की नाही, हा त्या त्या माणसाचा प्रश्न.

दरम्यान महाडमध्ये एक उलटा प्रवाह सुरू झाला आहे. जो तालुका माणसे बाहेर पाठवी, त्याच तालुक्यातल्या रासायनिक कारखान्यांत आता उत्तरेकडची माणसे कामाला येतात. औद्योगिक वसाहतीच्या आसपास, बिरवाडीच्या बाजूला, एकेका खोलीत चौघे-पाचजण राहतात. गिरणगावात महाडकर राहत होते तसेच. पाळी संपवून आलेला कामगार भात टाकतो, घरी फोन करतो, आणि मग भिंतीला टेकून कुठल्याशा बिहारी किंवा हिंदी गायकाचे संथ गाणे लावतो. भाषा कळली नाही तरी बाहेरून जाणाऱ्या महाडकराला त्या आवाजाची जात ओळखता येते. पैसे तो मोबाइलवरूनच पाठवतो, क्षणार्धात पोचतात. रकमेच्या खाली मजकुरासाठी एक छोटीशी जागा तेथेही ठेवलेली आहे.